दुभंगलेल्या शृंगिकांच्या माश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माशी म्हटलं की शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. फुलपाखराच्या येतात, झुरळाच्या तर नको इतक्या येतात. माशीच्या मात्र भिंग लावल्याशिवाय दिसत नाहीत. याला अपवाद आहेत आणि त्यातले बरेचसे उष्ण कटिबंधातल्या परोपजीवी माश्यांत सापडतात. कुणाच्या शृंगिकेला दोन फाटे, कुणाच्या शृंगिकेला फांद्यांची रांग, कुणाची पसरट त्रिकोणी. त्यांच्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं चार ओळींत आटोपतात, काहींना जरा दम धरावा लागेल.

नेमक्या कोणत्या माश्यांबद्दल आपण बोलतोय?

मुख्यतः टॅकिनिडी कुलातल्या. जगभरात या कुलाच्या साडेआठ हजारांच्या आसपास जातींना नावं मिळाली आहेत आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतून अजून भर पडतेच आहे. प्रौढ माशी निरुपद्रवी असते. फुलांतला मकरंद नाहीतर माव्याने पानावर सोडलेला चिकट गोड थर, यावर तिचं भागतं. तिची अळी मात्र दुसऱ्या कीटकाच्या अंगात वाढते. यजमान बहुतेक वेळा पतंगाची किंवा फुलपाखराची अळी असते. काही टॅकिनिड भुंगेऱ्यांवर, काही ढेकण्यांवर, काही नाकतोड्यांवर जगतात. यजमानाला जिवंत ठेवून आतून खायचं आणि काम झालं की मारायचं, हा यांचा शिरस्ता. गोचिडासारखं रक्त पिऊन गळून पडणं यांच्यात नाही.

रक्त पिणाऱ्या परजीवी माश्याही आहेत. त्यांच्या शृंगिकांची गोष्ट अगदी उलटी आहे, ती पुढे येईलच.

साध्या माशीची शृंगिका कशी असते?

मेलेली एक घरमाशी घ्या आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. दोन डोळ्यांच्या मधोमध, चेहऱ्यावरून खाली लोंबणारी दोन करडी दांडकी दिसतील. प्रत्येकाचे तीन खंड. पहिला इतका आखूड की चटकन ध्यानात येत नाही. दुसऱ्याच्या पाठीवर एक उभी चीर असते. घरमाशी, निळी मांसमाशी, टॅकिनिड अशा सगळ्या भाऊबंदांत ही चीर सापडते. तिसरा खंड सर्वांत मोठा, लांबट आणि किंचित फुगीर. त्याच्या मुळाजवळ बाहेरच्या अंगाला एक लांब केस फुटलेला असतो, त्याला अरिस्टा म्हणतात. घरमाशीच्या अरिस्टाला दोन्ही बाजूंनी बारीक उपकेस असतात, त्यामुळे ती पिसासारखी दिसते. बहुतेक टॅकिनिडांची अरिस्टा बोडकी असते.

तिसरा खंड म्हणजे माशीचं नाक. त्याच्यावर गंध टिपणारे सूक्ष्म केस असतात, कित्येक जातींत गंधग्राही खड्डेही. दुसऱ्या खंडाच्या पोटात जॉन्स्टनचा अवयव नावाची यंत्रणा असते, ती तिसऱ्या खंडाची हालचाल मोजते. ड्रोसोफिला या फळमाशीत याचा छडा चांगला लागला आहे: हवा थरथरली की अरिस्टा वळते, तिच्याबरोबर तिसरा खंड आपल्या अक्षाभोवती फिरतो आणि तेवढ्या पिळावरून माशी आवाज ओळखते. नर पंख थरथरवून जे गाणं म्हणतो ते मादीला असंच ऐकू येतं. म्हणजे नाक आणि कान एकाच दांडक्यावर. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढची सगळी चर्चा तिसऱ्या खंडाभोवती फिरते.

मग विचित्र शृंगिका म्हणजे कशी?

तऱ्हा बऱ्याच आहेत. सगळ्यात नाट्यमय तऱ्हा बोर्गमायरमिया या दक्षिण अमेरिकी प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) नरांत दिसते. तिसऱ्या खंडातून एकामागून एक फांद्या निघालेल्या असतात आणि प्रत्येक फांदी गंधग्राही केसांनी भरलेली. माशी पाहताना आधी शृंगिकाच नजरेत भरतात, माशी मागाहून दिसते. फायटोमिप्टेरा प्रजातीतल्या माश्या अगदी लहान, त्यांच्या अळ्या बारीक पतंगांच्या अळ्यांत वाढतात. त्यातल्या काही जातींच्या नरांचा तिसरा खंड दोन किंवा अधिक फाट्यांत विभागलेला असतो. उत्तर अमेरिकेतल्या डायकोसेरात दोन फाटे. सायफोनिनी गटातही असे दुभंगलेले नर अधूनमधून डोकं वर काढतात.

फाटे न फुटताही शृंगिका विचित्र होऊ शकते. लोफोसियाच्या नरांत तिसरा खंड टोकाकडे रुंदावत जाऊन जाड त्रिकोणी पातं बनतो. त्याच जातीच्या मादीत तो बराच अरुंद असतो. या प्रजातीची एक जात युरोपात आहे, पण तिचा मोठा गोतावळा आशिया-आफ्रिकेच्या उष्ण भागात पसरलेला आहे. गोनिया या प्रजातीत तिसरा खंड सरळसाधा, मात्र अरिस्टाचा मधला भाग लांबलेला आणि ती कोपरात वाकवल्यासारखी मोडलेली.

टॅकिनिडांच्या बाहेर क्रिप्टोकीटमची वेगळीच कथा. खवले किडींच्या अंगात वाढणाऱ्या या चिमुकल्या माशीला अरिस्टाच नसते, नुसता मोठा तिसरा खंड. ऑस्ट्रेलियातून १८८८ च्या सुमारास ती कॅलिफोर्नियात नेली गेली, संत्र्या-लिंबांच्या बागा फस्त करणाऱ्या पांढऱ्या खवले किडीवर उपाय म्हणून. त्याच वेळी नेलेल्या लाल ढालकिड्याचं नाव झालं. ही माशी बिचारी मागे राहिली, तिनेही काम चोख केलं होतं.

फाटलेली शृंगिका म्हणजे जखम किंवा विकृती तर नव्हे?

नव्हे. जखम एका बाजूला होते. इथे दोन्ही बाजूंना सारखेच फाटे असतात आणि त्या जातीच्या प्रत्येक नरात असतात. फांदीच्या टोकापर्यंत गंधग्राही केस नीट रचलेले असतात, तुटलेल्या भागावर ते तसे नसतात.

विकृती म्हणाल तर शृंगिकांच्या विकृती प्रयोगशाळेत पुष्कळ पाहिल्या गेल्या आहेत. ड्रोसोफिलात ॲन्टेनापीडिया नावाच्या जनुकात बिघाड झाला की शृंगिकेच्या जागी पाय उगवतो. अरिस्टापीडिया या दुसऱ्या उत्परिवर्तनात अरिस्टाच्या जागी पायाचा पंजा येतो. शृंगिका आणि पाय मुळात एकाच आराखड्यावर घडतात, हे त्यातून कळलं. अशा माश्या रानात तग धरत नाहीत. टॅकिनिडांच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या आहेत, तेव्हा त्यांचा काहीतरी उपयोग असणार.

हा थाट नरांचाच का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो योग्य जागी बोट ठेवतो.

कापूस किंवा तूर लावणाऱ्या कुणालाही कामगंध सापळा समजावून सांगावा लागत नाही. मादी पतंगाचा गंध भरलेली एक इवलीशी रबरी गोळी सापळ्यात लावतात आणि रात्रभरात त्यात नर पतंग येऊन पडतात. माद्या येत नाहीत. शोधायचं काम नराचं, सापडायचं काम मादीचं, अशी वाटणी असली की नराचं नाक वाढत जातं. विदर्भात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. त्या टसर पतंगाचे नर आणि मादी शेजारी ठेवून बघा. नराच्या शृंगिका दोन्ही बाजूंनी दाट, रुंद पिसाऱ्याच्या. मादीच्या त्यामानाने अरुंद. टॅकिनिड नरांच्या फांद्यांचा अर्थही बहुतेक अभ्यासक असाच लावतात: मादीचा गंध विरळ असतो, घनदाट जंगलात माद्याही विरळ असतात, आणि ज्याला आधी वास लागेल त्याची वंशवेल चालते.

आता यावर एक रास्त शंका निघते. डासाच्या नराच्याही शृंगिका झुपकेदार असतात, पण त्या वासासाठी नसतात. मादीच्या पंखांची गुणगुण ऐकण्यासाठी असतात. मग माशीच्या फांद्याही कानासाठी कशावरून नाहीत? फरक पृष्ठभागात आहे. डासाचा झुपका म्हणजे लांब पोकळ केस, ते हवेबरोबर हलतात आणि ती हालचाल मुळाशी पोचवतात. टॅकिनिडाची फांदी जाडसर असते, तिसऱ्या खंडाचाच तो विस्तार असतो आणि गंधग्राही केस तिच्यावर अंगभर असतात. ऐकण्यासाठी लागणारी अरिस्टा फांद्यांच्या शेजारी वेगळी शाबूत असते. माझं मत वासाच्या बाजूने पडतं. तरी हा पुरावा रचनेवरून काढलेला आहे, हे विसरू नये; जंगलात बोर्गमायरमियाचा नर मादीच्या मागावर जाताना पाहून काढलेला नव्हे.

फांद्या फुटल्याने असा काय फरक पडतो?

हिशोब सोपा आहे. एक गोल दांडका घ्या. तेवढ्याच मालातून, तेवढ्याच लांबीचे चार बारीक दांडके करा. प्रत्येकाची जाडी निम्मी होते आणि चौघांचा मिळून पृष्ठभाग मूळ दांडक्याच्या दुप्पट होतो. नऊ केले तर तिप्पट. वजन तेवढंच, नाक दुप्पट-तिप्पट.

दुसरा फायदा हवेचा. कुठल्याही वस्तूला चिकटून हवेचा एक मंद थर असतो आणि गंधाच्या रेणूला तो ओलांडून आत यावं लागतं. बारीक फांदीभोवती हा थर पातळ असतो. मात्र फांद्या एकमेकींना फार खेटून असल्या तर वारा त्यांच्यामधून न जाता सगळ्या झुपक्याला वळसा घालून निघून जातो आणि वाढवलेला पृष्ठभाग वाया जातो. म्हणून फांद्यांमधली फट महत्त्वाची. चांगल्या फोटोत ती स्पष्ट दिसते.

माशीचे डोळे एवढे मोठे असतात, मग वासाची गरजच काय?

खूप टॅकिनिडांना ती फारशी नसतेच. कित्येक जातींचे नर टेकडीच्या माथ्यावर, एखाद्या उंच झाडाच्या शेंड्यावर किंवा उन्हातल्या मोठ्या खडकावर जमतात, आपापली जागा धरतात आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक माशीचा पाठलाग करतात. माद्या तिथेच येतात. हा सगळा नजरेचा खेळ, आणि अशा नरांच्या शृंगिका बहुधा चारचौघांसारख्या. ज्यांना भेटीचं ठरलेलं ठिकाण नाही त्यांना हवेतला माग काढावा लागतो. साडेआठ हजार जातींत एकच पद्धत असेल, असं मानण्याचं कारण नाही.

मादीच्या शृंगिका साध्या, मग ती यजमान कशी शोधते?

तिचं नाक साधं दिसतं, पण ते कमी नाही. जपानमध्ये एक्झोरिस्टा जॅपोनिका या माशीवर प्रयोग झाले. लष्करी अळीने कुरतडलेल्या मक्याचा वास या माशीच्या माद्यांना ओढून आणतो. पान खाल्लं गेलं की झाड वेगळे गंध सोडतं आणि माशीला त्यावरून अळीचा पत्ता लागतो.

अमेरिकेतली ट्रायकोपोडा पेनिपेस याहून धूर्त. हिरव्या ढेकण्याचा नर आपल्या मादीला बोलावण्यासाठी गंध सोडतो, आणि त्या वासावर ट्रायकोपोडा येऊन पोचते. प्रेमपत्र भलत्याच्याच हाती पडावं, तसं. ढेकण्याने गंध सोडणं थांबवलं तर मादी मिळत नाही, सोडला तर ही माशी येते.

आणि ऑर्मिया ओक्रेशिया तर वासाच्या भानगडीत न पडता ऐकत येते. रातकिड्याचं गाणं ऐकून ती अंधारात नेमकी त्याच्यापाशी उतरते आणि त्याच्यावर व आसपास अळ्या सोडते. तिचे कान शृंगिकांत नाहीत. ते मानेखाली, पुढच्या पायांच्या जरा पुढे आहेत. दोन पडदे, एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. एवढ्याशा अंतरात दोन्ही कानांना पोचणाऱ्या आवाजात काही फरक असायलाच नको, तरी आवाजाची दिशा ती २ अंशांपर्यंत अचूक ओळखते. दोन पडदे एका लवचीक दांडीने जोडलेले आहेत आणि ती दांडी बारीकसा फरक मोठा करून देते. याच कल्पनेवरून श्रवणयंत्रांसाठी चिमुकले दिशादर्शी मायक्रोफोन बनवण्याचं काम झालं. हवाईतल्या कवाई बेटावर या माशीने रातकिड्यांना इतकं छळलं की २० पेक्षा कमी पिढ्यांत बहुसंख्य नरांच्या पंखांवरची गाण्याची यंत्रणाच नाहीशी झाली. सिकाडांवर जगणाऱ्या एम्ब्लेमासोमा ऑडिट्रिक्सलाही अशाच जागी कान आहेत. ती टॅकिनिड नाही, मांसमाश्यांच्या कुलातली आहे. तिला ते स्वतंत्रपणे मिळाले.

फाटे असलेल्या सगळ्या माश्या एकमेकींच्या नातलग आहेत का?

नाहीत, आणि या विषयात सर्वांत जास्त घोळ याच समजुतीने घातला आहे.

फाटे टॅकिनिडी कुलाच्या निरनिराळ्या शाखांत, एकमेकांशी दूरचं नातं असलेल्या प्रजातींत दिसतात. बऱ्याचदा फाटेवाल्या प्रजातीची अगदी जवळची बहीण साध्या शृंगिकांची असते. एकाच प्रजातीत काही जातींना फाटे आणि काहींना नाहीत, असंही होतं. फायटोमिप्टेरा त्याचं उदाहरण. म्हणजे हा दागिना कुलात पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घरांत, स्वतंत्रपणे घडला. मादी मिळवण्याच्या चढाओढीशी बांधलेलं लक्षण झपाट्याने बदलतं. नातं ठरवायला असलं लक्षण कच्चं.

जुन्या वर्गीकरणकारांना हे मान्य नव्हतं. चार्ल्स हेन्री टायलर टाउनसेंड (१८६३–१९४४) हे त्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत वादग्रस्त नाव. जन्माने अमेरिकी, उत्तरायुष्य ब्राझीलमध्ये. माश्यांवरचा १२ भागांचा ग्रंथ त्याने तिथेच १९३४ ते १९४२ या काळात काढला. माशीच्या अंगावर थोडंसं निराळं काही दिसलं की टाउनसेंड नवी प्रजाती करायचा, मग त्यात जात एकच असली तरी बेहत्तर. शेकडो प्रजाती त्याने अशा उभ्या केल्या. फांद्यांच्या शृंगिका म्हणजे त्याच्यासाठी मेजवानीच. बोर्गमायरमिया हे नावही त्यानेच १९३५ साली दिलं. ब्राझीलमध्ये राहून मुंग्या आणि कुबड्या माश्यांवर आयुष्यभर काम करणारे जर्मन वंशाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू थॉमस बोर्गमायर, त्यांच्या सन्मानार्थ.

टाउनसेंडला नुसता हसण्यावारी नेऊ नये. पेरूमधला व्हेरुगा हा आजार वाळूमाशीमुळे पसरतो, हे १९१३ साली त्याने मांडलं आणि ते बरोबर निघालं. पण त्याच माणसाने हरणांवरची सेफेनेमिया माशी सेकंदाला ४०० यार्ड उडते, असंही लिहून ठेवलं. हा वेग ध्वनीपेक्षा जास्त! वर्तमानपत्रांनी तो उचलला. शेवटी १९३८ साली नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी साधा भौतिकशास्त्राचा हिशोब मांडला: त्या वेगात हवेच्या दाबाने माशीचं डोकं चेपलं जाईल आणि तेवढी ऊर्जा मिळवायला तिला सेकंदाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे दीडपट अन्न लागेल. त्यांच्या मते खरा वेग तासाला ४० किलोमीटरच्या आसपास.

पुढच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांनी टाउनसेंडच्या कितीतरी प्रजाती मोडून जुन्यांत विलीन केल्या. बोर्गमायरमिया टिकली.

नराला फांद्या आणि मादी साधी, तर दोघं एकाच जातीची हे कसं ओळखतात?

पूर्वी बरेचदा ओळखता येत नसे. नर एका नावाने आणि मादी दुसऱ्याच नावाने पेटीत बसलेली असायची. खात्रीचा जुना मार्ग म्हणजे यजमान अळी पाळणं. एकाच अळीतून बऱ्याचदा अनेक माश्या निघतात, त्यात नर आणि मादी दोन्ही असतात, आणि जोडी आपोआप जुळते.

हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्रात झालं. डॅन जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स या जीवशास्त्रज्ञांनी स्थानिक प्रशिक्षित नोंदकारांच्या मदतीने तिथे वर्षानुवर्षं अळ्या गोळा करून वाढवल्या. कुठली अळी, कुठल्या झाडावर आणि तिच्यातून काय निघालं, याची नोंद प्रत्येक अळीमागे. त्या माश्यांचे डीएनए तपासले तेव्हा धक्काच बसला. अनेक प्रकारच्या अळ्यांवर जगतात असं वाटणाऱ्या १६ टॅकिनिड जाती तपासल्या, तर त्यांत ७३ वेगळे वंश निघाले. दिसायला एकच, पण बऱ्याच माश्या आपापल्या ठरावीक अळ्यांना धरून.

थोडक्यात गंमत अशी की फाटे पाहून आपण जिथे दोन प्रजाती केल्या तिथे कधी दोन बहिणी निघतात, आणि जिथे एकसारख्या दिसल्या म्हणून एक जात मानली तिथे पाच निघतात.

कोषातून बाहेर पडताना एवढ्या फांद्या मोडत नाहीत?

नाही. टणक कोषात असताना शृंगिका मऊ असतात आणि चेहऱ्याला चिकटून खाली घडी होऊन पडलेल्या असतात. बाहेर यायची वेळ झाली की शृंगिकांच्या अगदी वर, कपाळावरच्या फटीतून एक पिशवी फुगून बाहेर येते आणि कोषाचं झाकण उडवते. माशी सुटली की पिशवी आत ओढली जाते. शृंगिकांवरची कमानदार चीर तेवढी खूण म्हणून जन्मभर राहते. अंगात द्रव भरून मग पंख आणि शृंगिका ताणल्या जातात आणि कडक होतात. शृंगिका मोडतात त्या नंतर, संग्राहकाच्या पेटीत.

वटवाघळांवरच्या परजीवी माश्यांच्या शृंगिकाही अशाच असतात का?

अगदी उलट. निक्टेरिबिडी कुलातल्या बिनपंखी माश्या वटवाघळाच्या केसांत कोळ्यासारख्या पळतात. सायक्लोपोडिया सायकेसी ही त्यातली एक, आपल्याकडच्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांवर राहणारी. या माश्यांचं डोकं इवलंसं, विसावताना पाठीवर उलटं दुमडलेलं, आणि शृंगिका खाचेत बसलेल्या आखूड खुंट्या. केसांच्या रानात बाहेर आलेलं काहीही अडकतं, म्हणून सगळं आत ओढून घेतलेलं. कुत्र्यांच्या आणि कबुतरांच्या अंगावरच्या चपट्या माश्यांतही शृंगिका अशाच खळग्यात असतात. ॲस्कोडिप्टेरॉनची मादी तर वटवाघळाच्या कातडीखाली घुसल्यावर पंख आणि पाय टाकूनच देते.

यजमानाच्या अंगावर जन्म काढायचा असेल तर लांबून वास घेण्याची गरज उरत नाही. टॅकिनिड नराचं सगळं आयुष्य उघड्या हवेत शोधण्यात जातं. दोघांच्या शृंगिका शेजारी ठेवल्या की हा फरक नीट दिसतो.

महाराष्ट्रात असं काही बघायला मिळेल का?

टॅकिनिड माश्या तुमच्या गावात नक्की आहेत. त्यातल्या काहींशी शेतकऱ्याचा रोजचा संबंध येतो. तुतीवर रेशीम अळ्या पाळणाऱ्याला उझी माशी माहीत असते: एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. ती अळीच्या अंगावर पांढुरकं अंडं चिकटवते, दोन-तीन दिवसांत आतली अळी शिरते आणि शिरल्या जागी काळा डाग राहतो. १९८० मध्ये ती बंगालकडून कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीम उद्योगाला तिने मोठा दणका दिला. म्हणूनच संगोपनगृहाला नायलॉनची जाळी लावतात, आणि उझीच्या कोषांवर जगणारी नेसोलिंक्स थायमस ही बारीक गांधीलमाशी सोडतात. टसरच्या अळ्यांवर हेच काम ब्लेफारिपा झेबिना करते.

उसातल्या खोडकिड्यावर स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स आपल्या बाजूने लढते. मादी पोखरलेल्या भोकाच्या तोंडाशी जिवंत अळ्या सोडते आणि त्या आत सरपटत जाऊन खोडकिडा गाठतात. या सगळ्यांच्या शृंगिका मात्र साध्या. शेतीला उपयोगी आणि उपद्रवी दोन्ही माश्या शृंगिकांच्या बाबतीत अगदी सामान्य आहेत, हे कबूल करायला हवं.

विचित्र काही हवं असेल तर लोफोसिया शोधा. तिच्या जाती भारतासह दक्षिण आशियात आहेत. अंगाने सडपातळ, दिसायला गांधीलमाशीच्या वळणावर जाणारी, आणि नराच्या चेहऱ्यावर ती पसरट शृंगिका. गोनियाही आपल्याकडे सापडते. मोठं फुगीर पांढरट डोकं आणि कोपरात वाकलेली अरिस्टा, या दोन खुणा पुरेत. तिची अंडी धुळीच्या कणाएवढी असतात. ती पानावर टाकली जातात आणि रोपं कुरतडणारी अळी पानाबरोबर ती गिळते.

या माश्या चावतात का? घरात येतात का?

नाही. घरात आलीच तर चुकून, खिडकीच्या काचेवर आपटत बसलेली दिसेल.

फोटो किंवा नमुना घ्यायचा असेल तर काय काळजी घ्यावी?

फोटो वरून काढला की शृंगिका हमखास लपतात. पहिला फोटो अगदी समोरून घ्या, माशीच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, आणि दुसरा कडेने, डोकं आणि छाती एका चौकटीत बसेल असा. कडेच्या फोटोत आणखी एक गोष्ट तपासता येते: छातीच्या मागच्या ढालीखाली आणखी एक फुगीर वळी दिसली आणि पोटावर राठ केस असले तर माशी टॅकिनिड असण्याची शक्यता दांडगी. घरमाशीत ती वळी नसते. सकाळच्या पहिल्या उन्हात माश्या सुस्त असतात. गाजराच्या कुळातली फुलं, उदाहरणार्थ फुलावर आलेली कोथिंबीर किंवा बडीशेप, यांच्यावर त्या हमखास येतात. टेकडीच्या माथ्यावर नर शोधायचे असतील तर दुपार होण्याआधी जा.

नमुना हवा असेल तर, परवानगी लागते अशा संरक्षित जंगलात हात लावू नका. बाहेर मिळाला तर डीएनएसाठी निदान एक पाय शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा आणि बाकीची माशी सुकवून टाचा. लहान माशीला जाड टाचणी खुपसू नये, बारीक सुईवर घेऊन ती सुई आडव्या पट्टीवर बसवावी. पूर्ण वाळलेल्या माशीच्या शृंगिकेला नुसता हात लागला तरी ती तुटते. तुटलीच तर फेकू नका. टाचणीवर एक छोटा कागद लावून त्यावर डिंकाच्या थेंबात ती चिकटवा आणि उजवी की डावी, ते बाजूला लिहा. यजमान अळी मिळाली असेल तर तिची वाळलेली कातडी आणि कोषाचं टरफलही त्याच टाचणीवर हवं. ठिकाण, तारीख, झाड आणि उंची यांची चिठ्ठी नसेल तर कितीही फांद्यांची माशी असली तरी तिचा कुणाला काही उपयोग नाही.